एका हाताने घालायचा सदरा

धोतर सुटलं तेव्हा नवऱ्याच्या हातात बैलाचा कासरा होता. हात एकच. धोतर धरावं तर बैल सुटतो, आणि बैल धरावा तर धोतर जातं. समोर तोरणाखाली सगळ्या गावाच्या जोड्या उभ्या होत्या, बाया कडेला, लेकरं मध्ये मध्ये. त्याने बैल धरला. धोतर आधी गुडघ्यावर आलं, मग पायात पडलं. पोळ्याच्या भर गर्दीत तो लंगोटावर कासरा ताणून उभा राहिला.

ढोल वाजतच होता. कुणीतरी मागून ओरडलं, "बैलाले झूल चढवली अन् धन्याची काऊन उतरवली रे?"

लोक हसले. त्याची बायको नसते तर मीही हसले असते. बोलणं हसण्यासारखंच होतं. सासू मात्र बायांच्या घोळक्यातून धावत गेली. गर्दीच्या मध्यात गुडघे टेकून बसली आणि त्याचं धोतर नेसवायला लागली. निऱ्या घातल्या, काष्टा ओढला, कमरेला गाठ मारली. न्हाऊन आलेल्या लेकराला नेसवावं तसं. एकतीस वर्षांचा बाप्या. त्याने मान वर केली नाही. हसणं थांबलं होतं, आणि ते थांबणं हसण्यापेक्षा वाईट होतं.

मी जागची हलले नाही. मी गेले असते तर आणखी वाईट दिसलं असतं, एवढं मला कळत होतं.

लिहिताना मी नवऱ्याला 'तो' म्हणते आहे. तोंडावर जन्मभर 'तुम्ही' म्हटलं, ते पुरे झालं.

हात गेला तो त्या पोळ्याच्या आधीच्या माघात. आम्ही बोरगावात राहायचो. तेव्हा ते वर्ध्याच्या बाहेरचं खेडंच होतं. चार एकर वावर, एक जोडी. वावर रिकामं झालं की नवरा कापसाच्या जिनात कामाला जायचा आणि मीही जायची. तो यंत्राकडे, मी बायांत, कापसातला कचरा वेचायला. यंत्रं पट्ट्यावर चालायची. एके दिवशी त्याच्या धोतराचा सोगा पट्ट्यात गेला. तो ओढायला त्याने हात घातला आणि हात गेला. वर्ध्याच्या दवाखान्यात उरलेला कापला. उजवा. कोपराखाली चार बोटं थोटूक राहिलं. तेवीस दिवस तिथे राहून आम्ही घरी आलो.

दुखणं उतरल्यावर मग कळलं की खरी अडचण कोणती. डाव्या हाताने तो जेवायला शिकला. चिलीम भरायला शिकला. वखरही धरायचा. पण धोतर एका हाताने नेसता येत नाही. कुणाला शंका असेल तर करून पाहावं. निरी धरायला एक हात लागतो आणि खोचायला दुसरा. रोज सकाळी सासू त्याला नेसवायची. मी एकदा म्हटलं, "मी बांधून देऊ काय?" तर म्हणाला, "आई नेसवते ते लेकरू, बायको नेसवते तो मुडदा. माझ्याजवळ येऊ नको."

पोळ्यानंतर त्याने घर सोडलं नाही. ओटा नाही, पार नाही, वावर नाही. घर आणि मागचा गोठा. गडी माणूस घरात बसला की घर लहान होतं. सासू त्याला नेसवून द्यायची आणि तो दिवसभर गोठ्यात बाजेवर पडून राहायचा. कशासाठी नेसवत होती, तेच मला कळेना.

भादव्यात जिनाचा मुनीम सायकलवर आमच्या दारी आला. पाणी प्यायला आणि उभ्यानेच म्हणाला, "भाऊ, फाटकावरचा बुढा गेला. गाड्या मोजून घ्यायच्या अन् फाटक लावायचं, एवढंच काम हाय. एका हातानं होते. दसऱ्याले जिनाची पूजा हाय. त्या दिवशी सकाळी हजर राहजो. नाई आला तं मी दुसरा माणूस पाहीन. मंग मले बोल लावू नको."

नवरा गोठ्यातूनच म्हणाला, "दुसरा पाहा."

मुनीम माझ्याकडे पाहून म्हणाला, "समजाव बाई."

समजावून काही होणार नव्हतं. त्याला काम नको नव्हतं. त्याला दुसऱ्याच्या हातून नेसून फाटकावर उभं राहायचं नव्हतं, कारण फाटकावर धोतर सुटलं तर नेसवायला आई येणार नव्हती. दसऱ्याच्या आत तो स्वतःच्या हाताने कपडे घालून घराबाहेर पडला तर पडला, नाही तर तो माणूस त्या बाजेवरच संपणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. अशी माणसं मी पाहिली होती. मरत नाहीत, पण असतही नाहीत.

मी ठरवलं की धोतर बंद. सदरा आणि पायजमा.

गावच्या शिंप्याकडे गेले. तो मशीनवरून मान न उचलता म्हणाला, "माणूस घेऊन ये, माप घेतो."

"माणूस येत नाई."

"मंग पायजमा कोणाले घालू? मशीनले?"

"तुम्ही घरी या."

"बाई, दसरा तोंडावर हाय. घरोघरी फिरत बसलो तं गाव नागडं राहीन."

मी घरी आले. चौथीपर्यंत शिकलेली, शिवण कुणी शिकवलं नव्हतं. पण गोधड्या शिवल्या होत्या आणि स्वतःचं पोलकं हाताने बेतून घालत होते. गड्याचा सदरा म्हणजे काय, पोलक्याचा मोठा भाऊ. राखीला भावाने मला सहा वार कापड दिलं होतं. पांढऱ्यावर निळ्या उभ्या रेघा, सुती, जाडसर. माझी पोलकी व्हायची होती त्यात. ते पेटीतून काढलं.

सासू म्हणाली, "सदरा ढगळ ठेव. थोटूक अजून दुखते त्याचं, घासलं नाई पाह्यजे."

"किती ढगळ?"

तिने त्याची जुनी बंडी खाली पसरली आणि वितीने मोजली. घेर चार वीत भरला. "पाच धर," ती म्हणाली. "एक वीत सैल. बाही दीड वीत. लांबी साडेतीन."

मी तिचे आकडे ध्यानात ठेवले आणि कापड पसरून वितीने मोजलं. पाच वीत घेर, दीड वीत बाही, साडेतीन लांबी. कोळशाने खुणा केल्या आणि कात्री चालवली. तीन दिवस दुपारी बसून शिवला. टीप उलटी घातली, म्हणजे उसवणार नाही. मला त्याचा गर्व वाटत होता. समोर चार काजं केली आणि पितळी गुंड्या लावल्या.

चौथ्या दिवशी त्याला दिला. तो नको म्हणाला. सासूने आग्रह केला म्हणून त्याने डाव्या हाताने डोक्यावरून ओढला. मान गेली. डावा हात गेला. थोटूक बाहीच्या तोंडाशी अडकलं आणि सदरा छातीवर येऊन थांबला. वर निघेना, खाली येईना. आत तो गुदमरत होता. बाहीची शिवण थोटकावर बसली तसा तो ओरडला. गोठ्यातले बैल बिथरले. मी आणि सासू दोघींनी धरून ओढून काढला, तेव्हा त्याचं तोंड लाल झालं होतं आणि डोळ्यांत पाणी होतं. दुखण्याचं की कशाचं, मी विचारलं नाही.

"गोणपाट आण एखादं," तो म्हणाला. "त्यात भरून ठेवा मले अन् तोंड शिवून टाका." आणि गोठ्यात गेला.

सासू माझ्यावर घसरली. "पाच वीत सांगतलं होतं ना तुले? कानात बोळे घातले होते काय?"

"पाचच घेतलं."

"खोटं नको बोलू."

मी सदरा खाली टाकला आणि तिच्यासमोर मोजला. एक, दोन, तीन, चार, पाच. मग तिने मोजला. चार भरायच्या आत संपला. ती माझ्या हाताकडे पाहत राहिली. मग तिने स्वतःचा पंजा माझ्या पंजावर ठेवला. ती उंच, हाडापेराची बाई. तिची बोटं माझ्या बोटांपुढे दीड पेर गेली.

दोघीही गाढव. तिची वीत आणि माझी वीत एक कशी असेल? घरात दोरी होती, गजाची काठी शेजारी मागता आली असती. पण आम्ही जन्मभर सगळं वितीने मोजलं, आणि तोवर ज्याने मोजलं त्यानेच कापलं होतं. एकीने मोजायचं आणि दुसरीने कापायचं हे पहिल्यांदाच झालं होतं.

मी रडले नाही. रडून कापड वाढत नाही. उरलेलं पसरून पाहिलं. पायजम्यापुरतं ठेवलेलं होतं तेवढंच. सदरा मोठा करायचा तर त्यातूनच घ्यावं लागणार, आणि घेतलं तर पायजमा गुडघ्यावर संपणार.

सासू म्हणाली, "मंग?"

मी म्हटलं, "मंग चड्डी."

"जवान माणूस चड्डीत? शाळेत घालतं काय त्याले, पाटी देऊन?"

"गोठ्यात ठेवण्यापरीस शाळा बरी."

 ती तंबाखू चोळत बसली.

पण घाई करून दुसऱ्यांदा चूक करायची नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझा उजवा हात पाठीमागे घेतला आणि सासूला म्हटलं, "आत्याबाई, याले कमरेशी बांधा."

"काऊन?"

"बांधा तं खरं."

तिने जुन्या लुगड्याच्या पट्टीने बांधला. "हात त्याचा गेला अन् डोकं हिचं," असं पुटपुटत बांधला, पण घट्ट बांधला. तो दिवस आणि दुसरा दिवस मी डाव्या हाताने काढला. भाकर थापली ती जात्याच्या पाळीसारखी झाली. कपडा पिळता येत नव्हता. वेणी घालता येत नव्हती. नवरा गोठ्यातून पाहत होता.  दुसऱ्या दिवशी म्हणाला, "नौटंकी काऊन लावली हाय?"

"तुमचं तुम्ही पाहा."

त्या दोन दिवसांत मला तीन गोष्टी कळल्या, आणि त्या कुणी शिंपी मला सांगू शकला नसता. नाडी बांधता येत नाही, दातात एक टोक धरलं तरी नाही. पितळी गुंडी काजातून काढायला जमते, घालायला जमत नाही. ती बोटांतून निसटते. आणि त्याची बंडी घालून पाहिली, तर तिच्यापेक्षा माझं पोलकं मला सोपं जात होतं. पोलक्याला गुंड्या डावीकडे असतात, गड्याच्या बंडीला उजवीकडे. डाव्या हाताने डावीकडची गुंडी धरून समोर ढकलता येते. उजवीकडची धरायची तर मनगट मोडावं लागतं.

कमरेचं मात्र सुचेना. नाडी नाही तर काय? हूक लावून पाहिला, तो बोटाला दिसत नाही. इलास्टिक वर्ध्याच्या बाजारात मिळायचं, पण लुगडी नेसणाऱ्या आम्हांला ते कसं लावतात हेही माहीत नव्हतं.

ते मला बैलाने दाखवलं म्हटलं तरी चालेल. संध्याकाळी नवरा बैल बांधत होता. त्याने खांद्याने बैलाची मान दाबून धरली आणि डाव्या हाताने दावं गळ्याभोवती टाकलं. दाव्याच्या एका टोकाला सुताची मोठी गाठ असते आणि दुसऱ्या टोकाला फासा. गाठ फाशातून आडवी घातली की झालं. बैलाने कितीही ओढलं तरी निघत नाही, आणि माणसाला अंगठ्याने काढता येते. दोन हातांचा माणूसही दावं एकाच हाताने लावतो, कारण दुसऱ्या हाताने शिंग धरलेलं असतं. नवऱ्याने ते न पाहता लावलं आणि वळला.

मी तिथेच उभी होते. म्हटलं, "परत लावा."

"काय?"

"दावं. काढा अन् परत लावा."

त्याने माझ्याकडे वेडी झाली अशा नजरेने पाहिलं, पण काढलं आणि परत लावलं. दोन श्वासांत.

त्या रात्रीची भाकर सासूने केली. मी दिवा लागायच्या आत सदरा उसवून ठेवला होता. उलटी टीप उसवताना स्वतःलाच शिव्या दिल्या.

पुढचे आठ दिवस शिवण चाललं. या वेळी माप दोरीने घेतलं, आणि ते त्याच्या अंगावरच घेतलं. तो म्हणाला, "तिरडीचं माप घेते काय?" मी म्हटलं, "तिरडीले येवढा त्रास नाई लागत. सरळ उभे राहा." सदऱ्याच्या दोन्ही बगलांपासून खालपर्यंत वीतभर रुंद पट्ट्या जोडल्या. बगलेत तिकोनी कळ्या घातल्या, म्हणजे हात उचलताना ताणणार नाही. उजवी बाही पुरती काढून दुप्पट घेराची लावली, घंटेसारखी, म्हणजे थोटकाला शिवण लागणार नाही. कापड पुरवण्यासाठी पट्ट्या आडव्या कापाव्या लागल्या. त्यामुळे सदऱ्याच्या पोटापाठीवर रेघा उभ्या आणि कडेला आडव्या. दिसायला विचित्र होतं. दिसण्यासाठी मी शिवत नव्हते. पितळी गुंड्या काढून कापडाच्याच जाड गुंड्या वळल्या, बोरीच्या बोराएवढ्या, आणि काजांऐवजी दोऱ्याचे फासे केले. गुंड्या डावीकडे.

चड्डी गुडघ्याच्या जरा वर आली. घेर भरपूर ठेवला, उकिडवं बसलं तरी ताणू नये म्हणून. कमरेची पट्टी दुहेरी, एका टोकाला कापडाची घट्ट मोठी गाठ आणि दुसऱ्या टोकाला तीन फासे एकामागे एक, म्हणजे जेवणाआधी एक आणि जेवणानंतर दुसरा. थोटकाने पट्टी पोटाशी दाबायची, डाव्या हाताने दुसरं टोक आणायचं, गाठ फाशात आडवी घालायची. मी स्वतः लुगड्यावरून घालून, हात बांधून, वीस वेळा करून पाहिलं. सासूने तेव्हा पाहिलं.

"अवं माय," ती म्हणाली, "माणसाले दावं लावते! उद्या खुट्याले बांधजो अन् कडबा टाकजो."

गोठ्यातून हसण्याचा आवाज आला. माघापासून पहिल्यांदा. सासूने आणि मी एकमेकींकडे पाहिलं आणि दोघींनीही काही ऐकलं नाही असं दाखवलं.

"आण इकडं ते दावं," तो म्हणाला.

मी कपडे गोठ्याच्या दारात ठेवले आणि आत आले. सासू मागून जायला निघाली. मी दारात आडवी झाले.

"सरक. त्याले जमन नाई."

"नाई जमलं तं नाई जमलं. बसा."

"तो पडन."

"पडू द्या. उठन."

आयुष्यात पहिल्यांदा मी सासूच्या वाटेत उभी राहिले. ती माझ्याहून टीचभर उंच. तिने मला ढकललं नाही. ती खाली बसली आणि मांडीवर हात ठेवून वाट पाहायला लागली. आतून धडपड ऐकू येत होती. एकदा बाज सरकली. एकदा त्याने आईमाईवरून शिवी दिली, कुणाला ते माहीत नाही. बराच वेळ झाला. मी तांदूळ निवडायला घेतले ते सगळे निवडून संपले.

तो बाहेर आला तेव्हा सदऱ्याची वरची गुंडी दुसऱ्या फाशात गेलेली होती आणि सदरा एका बाजूला चढला होता. पण तो कपड्यात होता, आणि कुणी हात लावला नव्हता.

सासू सवयीने उठली, गुंडी नीट करायला. तो मागे सरकला. "राहू दे माय," तो म्हणाला, रागाने नाही. ती उभी राहिली, हात तसेच पुढे. मग तिने ते हात लुगड्याला पुसले आणि चुलीकडे गेली. तिचं रोज सकाळचं काम त्या दिवशी संपलं. मला वाईट वाटलं नाही असं नाही, पण दोघांचंही भलं एकाच वेळी होणार नव्हतं.

पुढचे दिवस तो रोज घालायचा, काढायचा, पुन्हा घालायचा. आधी तांदूळ निवडून व्हायचे तेवढा वेळ लागायचा. दसऱ्याच्या आधी चुलीवर पाणी तापायच्या आत होऊ लागलं.

दसऱ्याच्या सकाळी तो आंघोळ करून कपडे घालून दारात उभा राहिला. हातात काठी. मीही पूजेला जिनात जाणार होतेच, हंगामाच्या सगळ्याच बाया जायच्या. मी चार पावलं मागे चालले. पाराजवळ माणसं बसली होती. पोळ्यानंतर कुणी त्याला पाहिलं नव्हतं.

शिंपी तिथेच होता. त्याने आधी कापड पाहिलं, मग माणूस. "गुंड्या बायकी बाजूले लावल्या हायेत," तो म्हणाला. "अन् रेघा कोण्या गावाले चालल्या?"

दुसरा म्हणाला, "रेघारेघांचा सदरा, रेघारेघांची चड्डी. जेलातून सुटला काय रे?"

मला वाटलं, आता परत फिरतो. तो थांबला. काठी बगलेत धरली.

"सुटलो ना," तो म्हणाला. "एक हात जामीन ठेवला अन् सुटलो."

पार हसला. या वेळी तोही हसला. शिंपी उठून जवळ आला आणि न विचारता कमरेची गाठ चिमटीत धरून पाहू लागला. "हे काय हाय?"

"दावं हाय. ओढून पाह्य."

शिंप्याने ओढून पाहिलं. निघालं नाही. तो परत जाऊन बसला. मशीनवर बसणाऱ्या माणसाने हाताने शिवलेल्या कपड्यावर बोट ठेवायला जागा शोधली आणि ती सापडली नाही, हे मला त्याच्या तोंडावर दिसलं. ते मी अजून विसरले नाही. विसरायचंही नाही.

जिनात पट्ट्याला, यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. मुनीम नारळ फोडायच्या गडबडीत होता. नवऱ्याला पाहून म्हणाला, "आला? बरं झालं." मग खालून वर पाहिलं. "हा पोशाख कोण्या नाटकातला? अन् हे बांधून कोण देते तुले? बायको रोज फाटकावर येईन काय नेसवाले?"

 मी बायांतच उभी होते.

नवऱ्याने काठी फाटकाला टेकवली. मग सगळ्यांसमोर, पूजेच्या समोर, त्याने अंगठ्याने गाठ फाशातून काढली. पट्टी थोटकाने दाबून धरली होती, चड्डी जागची हलली नाही. पट्टीचं टोक पूर्ण सोडून हात वर करून दाखवला. आणि परत लावली. मुनिमाचा नारळ अजून हातातच होता.

"अजून एकदा करू?" नवऱ्याने विचारलं.

"नको बाप्पा," मुनीम म्हणाला. "पूजा होऊ दे आधी. जा, फाटकावर उभा राह्य."

एका बाईने मला कोपर मारलं. "तूनं शिवलं?"

"मीच."

"कोठी शिकली?"

"कोठीच नाई," मी म्हटलं. खरंच होतं ते.

तो फाटकावर उभा राहिला. त्या दिवशी गाड्या थोड्याच आल्या, पण पुढच्या पंधरवड्यात रांग रस्त्यापर्यंत जायची. तो गाड्या मोजायचा, गाडीवानांशी भांडायचा. आवाज परत मोठा झाला होता. घरीही ओरडायला लागला. भाजीत मीठ कमी आहे म्हणून. मला बरं वाटलं. ओरडणारा नवरा बरा.

महिन्याभरात पट्ट्यावर काम करणारा एकजण माझ्याकडे आला. म्हणाला, "वहिनी, तसली एक चड्डी मले शिवून द्या. धोतराचा सोगा सांभाळू की यंत्र सांभाळू?" मी शिवून दिली. त्याला दोन्ही हात होते, म्हणून गाठीऐवजी नाडी घालणार होते, पण त्याने गाठच मागितली. त्याच्यामागे आणखी तिघे आले. म्हातारे हसायचे. म्हणायचे, "जिनात शाळा भरली." हसू दे. त्या हंगामात पट्ट्यावरचे चौघेही चड्डीत होते, आणि कुणाचा सोगा पट्ट्यात गेला नाही, कारण सोगाच नव्हता. पुढल्या वर्षी मी शिवणाचं मशीन घेतलं. हाताने फिरवायचं, जुनं. ते घेताना सासू सोबत आली आणि मशीन तिनेच डोक्यावर घेऊन घरी आणलं. वाटेत भेटेल त्याला सांगायची, "आमच्या सुनेचं हाय." वितीची गोष्ट मात्र तिने कुणाला सांगितली नाही आणि मीही सांगितली नाही. आता लिहून टाकली.

रेघांचा तो सदरा आणि चड्डी तीन वर्षं टिकले. मग मी तसेच दुसरे शिवले, त्यानंतर तिसरे. त्याने पुन्हा धोतर नेसलं नाही. लेकीच्या लग्नातही नाही. व्याह्यांनी नाक मुरडलं. मुरडलेलं नाक त्यांचंच होतं.

फाटकावर तो सव्वीस हंगाम उभा राहिला. सासू त्या दसऱ्यानंतर नऊ वर्षं जगली, नवरा एकतीस. मी अजून आहे.